वहीतली अकरावी ओळ

बदलीवर फिरणाऱ्या आमच्या घरात एक नियम आहे. दोन बदल्यांत जी पेटी उघडली नाही, ती तिसऱ्या गावी न्यायची नाही. या नियमावर मी वीस वर्षं संसार हलवला. चंदीगडला आल्यावर तोच नियम घरच्या कॉम्प्युटरला लावला आणि माती खाल्ली.

कॉम्प्युटर गच्च भरला होता. सुरू होईपर्यंत चहा करून पिऊन व्हायचा. मी वही घेतली आणि अनोळखी फोल्डर एकेक करून उतरवले: नाव, आकार, शेवटचं कधी उघडलं, कुणाचं. चौथ्या रकान्यासाठी घरभर फिरले.

"मम्मा, मेरा नहीं है. पापा से पूछो," मुलगी म्हणाली.

"यादी तुझी, तुलाच माहीत," नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला.

भंगारात गेलेल्या प्रिंटरचे दोन निघाले, मुलीच्या कधीच्या खेळांचे चार. अकराव्याच्या इंग्रजी नावावरून काहीच बोध होईना. आत बारीकसारीक फायली, सात वर्षांत कुणी हात न लावलेल्या. मी फुली मारली. सीपीयू सेक्टर २२ मधल्या दुकानात नेला, वहीच्या पानाची झेरॉक्स दिली आणि सांगितलं, जिथे क्रॉस आहे ते सगळं उडवा. कॉम्प्युटर धावायला लागला. मी खूश.

पुढच्या रविवारी नेहमीसारखा सांगलीकडे सासऱ्यांना फोन लावला. दोन बदल्यांपूर्वी ते वर्षभर आमच्याकडे होते आणि याच कॉम्प्युटरवर गावातल्या विहिरींची हकीकत टाइप करत बसायचे. कोणती कुणी खणली, कुणाला पाणी भरू दिलं नाही, कोणती कुणी बुजवली. "तेवढं छापून पाठव," ते म्हणाले. "डोळे गेलेत आता. पुन्हा लिहिणं काही व्हायचं नाही."

फाइल होती. उघडली, तर पानामागून पान कंस, टक्क्यांची चिन्हं, डोक्यावर टिंबं असलेली इंग्रजी अक्षरं. मराठीचा मागमूस नाही. नवऱ्याला घेऊन सीपीयू पुन्हा दुकानात नेला.

"करप्ट हो गई जी," दुकानदार म्हणाला. "डिलीट मारो, जगह भी बनेगी."

"बाबांना सांगू, गेली म्हणून," नवरा म्हणाला. जणू दूध नासलं होतं.

"तुमच्या वडिलांचं आहे ते."

"मग मी काय करू? मला त्यातलं कळतं का?"

मी दोघांनाही झाडलं. दुकानदाराला जरा जास्तच. त्याच्या साफसफाईनंतरच फाइल बिघडली होती. माल आमचा, उडवण्याआधी एकदा विचारता येत नव्हतं का? त्याने शांतपणे खणातून झेरॉक्स काढली आणि बोट ठेवलं. "ग्यारह नंबर. इसके आगे किसी का नाम नहीं, पर क्रॉस आपका ही है, मैडम."

अक्षर माझंच होतं. ते नाव पुन्हा वाचलं तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. सासऱ्यांनी शाळेच्या कचेरीत शिकलेला जुना मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम हट्टाने इथे बसवून घेतला होता. त्याचा फाँट असेल तरच त्यांचं मराठी मराठी दिसतं. नाहीतर हा असा उकिरडा. आणि तो फाँट अकराव्या फोल्डरमध्ये होता.

वहीत नाव होतं म्हणून निदान मागता तरी आलं. चंदीगडमध्ये कुणाकडे मागणार? सासरच्या गावातल्या लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसला फोन लावला.

"आहे की वहिनी," प्रेसवाले म्हणाले. "आम्ही अजून त्यातच छापतो. टाकतो मेलवर."

फाँट आला, बसवला, फाइल उघडली. पहिलीच ओळ, पाटलाच्या विहिरीची, स्वच्छ मराठीत. सत्तरच्या सत्तर पानं होती. छापायला लावली तरी माझा राग उतरेना. नवरा म्हणाला, "झालं ना काम, मग आता कशाला?" मी फोन हातात घेतला.

सासऱ्यांना फोन करून सापडलं म्हणाले.

"हरवलं होतं व्हय?"

खोटं बोलवेना. "मी काढून टाकलं होतं, बाबा. कुणाचं ते कळलं नाही. घरात सगळ्यांना विचारलं."



"मला विचारायचं होतंस," ते म्हणाले. "दर रविवारी फोन तर करतेस."