बिबा उतला असन

कवडूजींनी भिलाईच्या कारखान्यात सारी नोकरी क्रेनवर काढली आणि अंगावर ओरखडाही न येता निवृत्त झाले. हेल्मेट, बूट, हातमोजे यांच्याशिवाय ते ड्यूटीवर कधी उभे राहिले नाहीत. भिलाईलगतच्या मरोदा वस्तीतल्या त्यांच्या घरात सुरक्षेच्या बक्षिसाचं घड्याळ आहे. ते बंद पडलंय, पण उतरवलेलं नाही.

त्यांची दुसरी ख्याती अशी, की मैनाबाईंना कोणी काही विचारलं तर उत्तर कवडूजी देत. भाजीवालीनं दारातून "काकी, कैसी हो?" म्हटलं, की आतून आवाज येई, "बढिया है!" आपण बढिया आहोत हे मैनाबाईंना बऱ्याचदा तिथंच कळे.

भंडाऱ्याकडून आलेली घरं मरोद्यात बरीच. पोळ्याला त्यांच्या दाराशी पळसाची डहाळी लागते. तिला मेढा म्हणतात. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता हे मेढे उचलून वस्तीबाहेर टाकायचे आणि रोगराई वाहून नेणाऱ्या मारबतीच्या नावानं ओरडायचं, "खासी-खोकला, राई-रोग घेऊन जा गे मारबत!" हाळी द्यायचा मान मैनाबाईंचा, कारण तसा गळा गल्लीत दुसऱ्या कोणाचा नव्हता. आणि मेढे आणायचा मान कवडूजींचा. त्या वर्षी रोगराई हाकलायचं हे साहित्य आणायला ते वस्तीमागच्या झुडपांत लुंगी आणि चपलांवर गेले. बूट कारखान्यासाठी असतात. बरोबर गेलेल्या मैनाबाईंनी ओल्या गवतात फतकल मारून डहाळ्यांच्या मोळ्या बांधल्या.

वाकून वाकून त्यांची कंबर धरली. कवडूजींच्या आईच्या हाताला बिब्याचा गुण होता, तो आपल्याकडे आलाय असं कवडूजींचं मत. त्यांनी बिबा तापवून मैनाबाईंच्या कमरेला उजवीकडे डाग दिले. कंबर दुखायची राहिली. पुढच्या आठवड्यात मैनाबाई म्हणाल्या, "अवो, डावीकडं बी एक काया डाग दिसून राह्यला. निऱ्या खोचतो ना, तेथं. दुखत नाही, खाजवत नाही."

"बिबा उतला असन," कवडूजी पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

बिबा उततो, म्हणजे लावला तिथं न थांबता आजूबाजूला पसरतो, हे खरं. पण पाठीचा कणा ओलांडून पलीकडे नेमका एकच ठिपका काढण्याइतका तो हौशी नसतो. एवढा विचार करायला पेपर खाली ठेवावा लागला असता.

गणपती उठायच्या सुमारास मैनाबाईंना ताप भरला. अंग ठणके, डोकं फुटे. कवडूजींनी त्यांना नेहरू नगरातल्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होती, तिनं थेट मैनाबाईंनाच विचारलं, "काकी, झाडी में गई थीं क्या? शरीर पे कहीं काली पपड़ी, कोई दाग?"

मैनाबाईंनी तोंड उघडलं. कवडूजींना दिसलं की आता बिबा निघणार, आणि बिबा निघाला की ही पोरगी चारचौघांत झापणार: आजकल भी ये सब करते हो?

"कुछ नहीं मैडम," ते म्हणाले. "झाडी में कौन जाता है? घर में ही रहती है."

मैनाबाईंनी तोंड मिटलं. टायफॉइड धरून औषध सुरू झालं.

आठवड्यानं मैनाबाई बरळू लागल्या, श्वास लागला. मोठ्या इस्पितळात कपडे बदलताना नर्सला निऱ्यांच्या जागी ती काळी खपली दिसली; सिगारेट टेकवावी तशी. स्क्रब टायफस, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. गवतात, झुडपांत डोळ्यांना न दिसणारी बारीक कीड असते, ती चावते, चावल्याचं कळत नाही, आणि चावते तिथं बहुधा ही खपली धरते. औषध साधं. दोन दिवसांत ताप उतरला. मात्र मैनाबाईंच्या दोन्ही कानांतलं ऐकू येणं जवळजवळ गेलं होतं.

"लौट सकता है," डॉक्टर म्हणाले. "दवा पहले दिन मिल जाती तो शायद जाता ही नहीं."

हे वाक्य मैनाबाईंना ऐकू आलं नाही. कवडूजींना अजून येतं.

वर्ष गेलं, कान आले नाहीत. पुढच्या पोळ्याला कवडूजी जुने बूट, जाड मोजे, त्यात खोचलेली पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मेढे आणायला निघाले. उघड्या पंजांना किडे चावू नयेत म्हणून मलम. शेजारच्या नरेशनं फाटकातून हटकलं, "काकाजी, पळस तोडाले चालले का भट्टी फोडाले?"

"गवतात बसू नको बाप्पा," कवडूजी म्हणाले. "आन आल्यावर साबण लावून आंघोय कर. कपडे गरम पान्यात टाक."

"तुमी तर लुंगीवर जात होते ना?"

"जात होतो."

मैनाबाईंना त्यांनी नेलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र हाळी मैनाबाईंनीच दिली. मेढे टाकून झाले, लोक वळले, पोरं पांगली, तरी त्या ओरडतच होत्या, "घेऊन जा गे मारबत!" थांबायचं हे त्यांना कोणी कळवलं नव्हतं. नरेश खूण करायला निघाला, तर कवडूजींनी त्याचा दंड धरला.

त्याच आठवड्यात मितानीन, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका, घरोघर फिरत आली. सीमा तिचं नाव. तिनं दारातून विचारलं, "काकी, बुखार? कहीं दाग-वाग?"

कवडूजींचं तोंड सवयीनं उघडलं. मग त्यांनी ते मिटलं, उठले, मैनाबाईंच्या समोर खाली बसले आणि ओठ दिसतील असं सावकाश विचारलं, "ताप? आंगावर कोठं डाग?"

मैनाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"मले कावून विचारता?" त्या म्हणाल्या. आपला आवाज गल्लीभर जातोय हे त्यांना कळत नव्हतं. "सांगा ना तुमीच. तुमाले सबन मालूम रायते."

सीमा हसली. तिला वाटलं, नवराबायकोची थट्टा चाललीय.

कवडूजींनी नाही अशी मान हलवली आणि प्रश्न पुन्हा विचारला.