कूलरसमोर ठेवलेलं इन्सुलिन

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि थेट माझ्या बायकोकडे पाहिलं.

"डायबेटिक किटोॲसिडोसिस आहे. शरीराला इन्सुलिन मिळालं नाही की ते चरबी जाळत सुटतं आणि रक्तात आम्ल साचतं. ताई, किती दिवस इंजेक्शन चुकवलं?"

सुनंदा धापा टाकत होती. "एकही दिवस नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. माझाही नाही.

सुनंदाला बारा वर्षांपासून इन्सुलिन चालू आहे. त्या मे महिन्यात आठवडाभर तिची साखर तीनशेच्या खाली येतच नव्हती. घसा कोरडा, मग उलट्या. मी काय केलं? घरातला संत्रा बर्फीचा डबा उघडून तुकडे मोजले. "चोरून खाऊन राहिली काय वं?" असं तिला विचारलंसुद्धा. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. हे लिहायला लाज वाटते. पण तुमच्यावर अशी वेळ आली, तर तुम्हीही आधी घरच्याच माणसावर संशय घ्याल, म्हणून लिहितो.

आयसीयूच्या बाहेर दोन दिवस लोखंडी खुर्चीत काढले. तिसऱ्या दिवशी ती वॉर्डात आली. तिथे तिला नेहमीचाच डोस दिला, आणि साखर निमूटपणे उतरली. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "घरची बाटली घेऊन या बरं."

हॉस्पिटलच्या फार्मसिस्ट बाईंनी ती बाटली तळव्यांत हळूच फिरवून उजेडात धरली. "हे दुधासारखं एकसारखं दिसायला पाहिजे. यात गाठी आहेत बघा. काचेवर पांढरा थरही बसलाय. उष्णतेनं खराब झालंय. घरी फ्रीजमध्येच ठेवता ना?"

"हो."

"मग दुकानातच बिघडलं असणार."

प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी ते औषधांचं दुकान आहे. नऊ वर्षं मी तिथूनच औषधं नेत होतो. भिंतीवर फ्रेममध्ये फार्मसिस्टचं प्रमाणपत्र, फोटोसकट. त्या फोटोतला माणूस नऊ वर्षांत एकदाही मी दुकानात पाहिला नाही. काउंटरवर कायम मालक, एका कानाला मोबाइल. हॉस्पिटलातून थेट तिथे जाऊन मी त्याला फ्रीजबद्दल विचारलं.

"फ्रीज खराब होऊन महिना झाला काका," तो हसत म्हणाला. "मेकॅनिक येऊनच नाही राहिला. पण कूलर चालूच असते ना! काहून, काय झालं?"

इन्सुलिनची खोकी कूलरसमोरच्या फळीवर होती. बाहेर डांबर वितळत होतं.

"माझी बायको मरता मरता वाचली."

त्याचं हसू क्षणभर गेलं. मग त्याने त्याच फळीवरून दुसरी बाटली उचलून माझ्यापुढे सरकवली. "घ्या, बदलून देतो. तुमच्यासाठी काय पण!"

शिव्या खाण्याचीही त्याची लायकी नव्हती. या माणसाला औषध आणि साबण यांतला फरक कळत नव्हता, आणि कळून घेण्याची गरजही कधी वाटली नव्हती. मी बाटली तिथेच ठेवली, घरून बिलं आणली आणि औषध निरीक्षकांकडे लेखी तक्रार दिली. चौकशी झाली, दुकान काही दिवस बंद राहिलं. आता पुन्हा उघडलंय. गल्लीतले लोक पुन्हा तिथेच रांगेत उभे असतात. "जवळ पडते ना," म्हणतात. जीवही जवळचाच असतो म्हणा.

सुनंदा घरी आल्यावर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "दुकानदाराचं सोडा. तुम्हाले माझ्यावर भरोसा नाही ठेवता आला?"

नवीन दुकान शोधत मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, जरीपटक्यापर्यंत गेलो. काउंटरवर पांढऱ्या कोटातली एक मुलगी होती. फ्रीजच्या दारावर थर्मामीटर, शेजारी दोन वेळच्या तापमानाची वही. तिने चिठ्ठी वाचली, मग माझे हात पाहिले.

"थर्मास नाही आणला? स्कूटरवर आलात? कुठे राहता?"

"प्रताप नगर."

"मग आत्ता नाही देणार काका. भर दुपार आहे. थर्मास घेऊन या, मी बर्फाची पिशवी टाकून देते. रागावू नका."

मला राग आला नाही. स्कूटर वळवून मी थर्मास आणायला निघालो. सुनंदाची काळजी करणारं आणखी एक माणूस त्या दिवशी भेटलं होतं, आणि तिने तर सुनंदाला पाहिलंही नव्हतं.