मयतीतली वरात

पुण्याच्या संपादकबाईंनी मुलांच्या पुस्तकासाठी वरातीचं चित्र मागितलं, सोबत गाण्यांची यादीही पाठवली. हे ऐकत काढा, छान मूड लागतो म्हणे. सगळा पियानो. नांदुऱ्याच्या घरात बसून मी तो आठवडाभर इमानदारीनं ऐकला. तुरीच्या शेंगा सोलता सोलता आई चित्रात डोकावली.

"हे लोक मयतीले जाऊन राह्यले का रे?"

राग आला, कारण तिचं खरं होतं. पियानो बंद केला आणि माझी नेहमीची गाणी मोठ्यानं लावली : कव्वाली, जयंतीची गाणी, लग्नाच्या बँडची धून. पेन्सिल कागदावर सुसाट सुटली. नवरदेवाचा मामा भर रस्त्यात लोळून नाचला, घोडी बिथरली, करवल्या पोट धरून हसल्या.

चित्र पाठवलं. बाईंचा फोन आला तेव्हा गाणं बंद करायचं राहूनच गेलं.

"मामा झकास! पण मागे हे काय वाजतंय?"

शेजारी लग्न आहे, असं सांगणार होतो. तोंडातून निघालं, "मी हेच ऐकतो."

"मग पुस्तक होईपर्यंत बंद करू नका."

माझा जीव भांड्यात पडला. आईनं आतून विचारलं, "काय म्हणे बाई?"

"वाजू दे म्हणे."

"मंग वाढव ना आवाज!"