बाबांनी काढलेला पोचा

कपाट आलं त्या दुपारी मी कॉलेजात होते. दोन दारांचं लोखंडी कपाट, आत छोटा लॉकर. भोपाळच्या पिपलानीतल्या आमच्या भाड्याच्या खोलीत कुलूप लागेल अशी एकही वस्तू तोवर नव्हती. आईचे सोन्याचे कानातले तांदळाच्या डब्यात असायचे आणि माझ्या मार्कशीट गादीखाली. शेजारच्या खोलीत चोरी झाल्यापासून आई तांदूळ काढताना दर वेळी तळापर्यंत हात घालून बघायची. म्हणून कपाट.

माल आणणाऱ्यांना आईने पाणी दिलं, त्यांनी सांगितलं तिथे मोबाइलवर बोटाने सही केली, आणि ते गेल्यावर पुठ्ठा सोडला. उजव्या दाराला, मुठीच्या वर, ताटाएवढा पोचा होता. दार ओढून लागत होतं, पण किल्ली फिरत नव्हती.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बी.कॉम.ला ग्राहकाच्या हक्कांवर एक धडा आहे. त्या संध्याकाळी मी तो जरा जास्तच मोठ्या आवाजात सांगितला. माल खराब आला तर बदलून मागता येतो. त्यांनी ऐकलं नाही तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं, वकील लागतोच असं नाही.

बाबा जेवता जेवता ऐकत होते. "म्हणजे आपण म्हणायचं, घेऊन जा?"

"हो."

"आणि ते नेतील?"

"न्यावंच लागेल, बाबा. मी बघते सगळं."

"बघ बाई," आई म्हणाली. "तोवर माझा तांदळाचा डबा आहेच."

मी बाबांच्या फोनवरून तक्रार नोंदवली. कंपनीने फोटो मागितले. दार इतकं चकचकीत होतं की फोटोत पोचा दिसायचाच नाही. दिसायची ती ट्यूबलाइट आणि मोबाइल धरून उभी असलेली मी. शेवटी उत्तर आलं की फोटो स्पष्ट नाहीत, आमचा माणूस येऊन बघेल. मी घरी तेवढंच सांगितलं, माणूस बघायला येणार आहे. तोपर्यंत दाराला हात लावू नका, हे वेगळं सांगावं लागेल असं माझ्या मनातही आलं नाही.

खरं तर यायला हवं होतं. बाबा गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतात. वऱ्हाडातून भोपाळला आले ते एका गॅरेजात, आणि अजून तिथेच आहेत. ठोकलेली गाडी येते, सरळ होऊन जाते. पोचा म्हणजे त्यांच्यासाठी तक्रार नाही, काम आहे. शिवाय घरी कोणी बघायला येणार म्हटलं की आपण घर नीट करतो. त्यांनीही तेच केलं.

रविवारी मी मैत्रिणीकडे अभ्यासाला गेले होते. परत आले तर खोलीत थिनरचा वास होता. बाबांनी दार उतरवून, मागून लाकडी हातोडीने पोचा बाहेर काढला होता. पुटी भरून, घासून, रंग जुळवून मारला होता आणि दार परत बसवलं होतं. मी बोट फिरवून बघितलं. काही म्हणजे काही लागलं नाही.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

"बाबा, आता त्याला दाखवायचं काय?"

मी समजावलं तसा त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "किल्ली अजून फिरत नाही," ते म्हणाले. "आतली पट्टी वाकलीय, तिथे हातोडी जात नाही. ते दाखव ना."

"इतकी वर्षं नळ गळतोय, तो नाही दिसला," आई म्हणाली. "हे बरं दिसलं."

बाबा त्यावर हसले नाहीत. पुढचे दिवस ते कपाटाकडे पाठ करूनच जेवायला बसत.

माणूस येणार त्या सकाळी त्यांनी हातोडी बाहेर काढली. "होता तसा परत करून देतो. कुठे होता नि केवढा होता, मला ठाऊक आहे."

त्यात त्यांना खोटं काही वाटत नव्हतं. पोचा खरोखरच होता. आणि मी नको म्हणाले नाही. नवा रंग तडकेल का, एवढाच विचार मी करत होते. हातोडी आईने काढून घेतली. "लोक म्हणतील, नवीन कपाट आणलं आणि दोघं बाप-लेक त्याला ठोकत बसलेत."

कंपनीचा माणूस माझ्यापेक्षा थोडाच मोठा असेल. उन्हातून आल्यामुळे शर्ट पाठीला चिकटला होता. मी हिंदीत वाक्यं पाठ करून ठेवली होती. अधिकार, क्षतिग्रस्त, वगैरे.

"डेंट कहाँ है, दीदी?"

"यहाँ था."

"था मतलब?"

"ठीक किया है."

"किसने?"

बाबा दाराशी उभे होते. "मैंने," ते म्हणाले.

त्याने मोबाइलचा उजेड दारावर तिरका धरला, तळहात फिरवला. "क्या हाथ है अंकल आपका. पता ही नहीं चल रहा."

आणि बाबा हसले. इतके दिवस मान खाली घालून वावरणारे बाबा मोकळे हसले आणि सांगायला लागले की दार उतरवून मागून ठोकलं, शेड जुळत नव्हती, मग त्यात थेंबभर काळा टाकला. त्याने गॅरेज कुठे आहे ते विचारलं. मी किल्ली हातात धरून दोघांच्या मधे उभी होते. त्या क्षणी मला बाबांची लाज वाटली.

"लॉक नहीं लगता," मी म्हणाले.

"दरवाज़ा तो आप लोगों ने खोल लिया ना, दीदी. अब लॉक किससे बिगड़ा, कौन बताएगा?" मग तो बाबांकडे वळला. "अंकल, आपके फ़ोन पे एक कोड आया होगा. वो बोल दो, मेरी विज़िट लग जाएगी."

त्या कोडने तक्रार बंद होते हे मेसेजातच लिहिलेलं होतं. बाबांनी चष्मा लावला आणि एकेक आकडा नीट, सावकाश वाचून दाखवला. मला फोनवर हात ठेवता आला असता. पण मग त्या माणसासमोर म्हणावं लागलं असतं, बाबा, तुम्हाला कळत नाही.

तो गेल्यावर मी बाबांना त्या कोडचा अर्थ सांगितला.

"म्हणजे संपलं?"

"आयोगाकडे जाता येतं अजून."

"तिथे काय लिहायचं असतं?"

"काय काय झालं ते."

"मी केलं ते पण?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. फोन वाजला, त्यांनी तो माझ्यापुढे धरला. "आता काय मागतात?"

"तो माणूस कसा वाटला, ते विचारतात. चांदण्या द्यायच्या असतात."

"उन्हातून आला होता बिचारा. पूर्ण दे."

मी पाचही दाबल्या. तेवढ्यात आईने ओट्याजवळून विचारलं, "मग कधी नेणार म्हणाला कपाट?"