टपालपेटीपर्यंतची रेघ

कीथ ऑर्मरॉड चाळीस वर्षं गावच्या कौन्सिलसाठी रस्त्यांवर 'इथे गाडी लावू नका' सांगणाऱ्या पिवळ्या रेघा मारत होता. निवृत्त झाला तरी खोड गेली नाही. बाजारात निघाला की मान खाली, आणि हल्ली कोणी मारलेली वाकडी रेघ दिसली की नाक मुरडणार. गावात बाकीचे हवेबद्दल बोलतात, हा रेघांबद्दल. शेजारी म्हणून वीस वर्षं मी ते ऐकत आलोय.

म्हणून त्याच्याच बायकोला, ग्लेनिसला, मिल स्ट्रीटवर पिवळ्या रेघेवर गाडी लावल्याचा दंड झाला तेव्हा मला गुदगुल्या झाल्या. तिचं म्हणणं सरळ होतं. रेघ टपालपेटीच्या दहा फूट आधीच संपते आणि तिची चिमुकली गाडी पुढच्या मोकळ्या जागेत होती. कौन्सिलने दोनदा नकार कळवला. ग्लेनिस हट्टाला पेटली आणि तिने स्वतंत्र लवादाकडे अपील केलं.

कीथ मात्र भरून टाक म्हणत होता. बोटभर रेघेवरून तासभर भांडणारा माणूस मूग गिळून बसलाय, याचं मला नवल वाटत होतं.

सुनावणी त्यांच्या स्वयंपाकघरात, व्हिडिओवर झाली. लॅपटॉप माझा, म्हणून मीही हजर. कीथला तोंड न उघडण्याच्या अटीवर चहाच्या किटलीजवळ बसवलं होतं. लवाद म्हणजे मिसेस फॅरर नावाच्या शांत बाई. कौन्सिलच्या माणसाने नकाशा दाखवला. रेघ पेटीपर्यंत आहे, म्हणाला, फक्त शेवटचे दहा फूट निकृष्ट रंगामुळे झिजून गेलेत.

कीथच्या हातातली किटली टेबलावर आदळली.

"झिजली नाही, बाई. माझी रेघ झिजत नसते. मी तिथे मारलीच नव्हती."

मिसेस फॅररनी चष्मा काढला. "का नाही मारली?"

"कुत्री झोपली होती."

मग सगळं बाहेर आलं. तीस वर्षांपूर्वी, मे महिन्यात, बेकरीवाल्याची म्हातारी कुत्री डचेस नेमकी तिथे उन्हात पसरली होती. आमच्याकडे ऊन पडतं तेच मोजून. कीथ म्हणाला, आधी जेवून येतो. परत आला तर डचेसने फक्त कूस बदललेली. शेवटी रंगाची गाडी निघून गेली आणि त्याने कागदावर 'काम पूर्ण' लिहून टाकलं. तेव्हापासून त्या रस्त्याने जाताना तो समोरच्या दुकानांकडे बघत जायचा.

कौन्सिलच्या माणसाने नकाशा बंद केला. कुत्रीला उठवलं का नाही, हे मात्र कोणीच विचारलं नाही.

दंड रद्द झाला. निकालात लिहिलं होतं, 'ही रेघ कधीच पूर्ण करण्यात आली नव्हती.' ग्लेनिसने तो कागद फ्रिजवर चिकटवला. दूध काढताना प्रत्येक वेळी कीथ ते वाक्य वाचायचा, आणि मला त्याची खरंच दया यायची.

रविवारी भर दुपारी ग्लेनिस बहिणीकडे गेली होती. कीथने कामावरचं जुनं चमकदार जाकीट चढवलं, शेडमधला रंगाचा डबा आणि रस्ता अडवायचे दोन शंकू घेतले आणि रेघ आखायच्या दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. जाकीट आणि शंकू असले की या देशात कोणी काही विचारत नाही. एका पोलीसबाईंनी तर आमच्यासाठी सायकलवाल्यांना बाजूला काढलं. दहा फूट झाले, रेघ संपल्याची खूण म्हणून शेवटची आडवी रेघही झाली. कीथ मागे सरकून बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते.

गुरुवारी ग्लेनिसने दंडाची नवी पावती त्याच्यासमोर आपटली. आपली जिंकलेली जागा म्हणून ती रस्त्याकडे न बघताच गाडी लावून आली होती.

"तुझ्या बुटांवर अजून पिवळा रंग आहे," ती म्हणाली. "कर आता त्या बाईंकडे अपील. सांग, ही रेघ खोटी आहे म्हणून."

कौन्सिलने काढलेला गाडीचा फोटो मी लॅपटॉपवर उघडून दिला. कीथने तो मोठा करून बघितला. गाडी नव्हे, खालची रेघ.

"खोटी कशी?" तो म्हणाला. "आत्ता कुठे खरी झालीय." आणि दंडासाठी पैशांचं पाकीट शोधायला उठला.