ब्राऊनवरचे ठसे

२०२३ साल. मी सदुसष्ट वर्षांचा, माझी नात पुनी अकराची. उन्हाळ्यातली सकाळ. वणीच्या बाहेर, साहेब लोकांच्या कॉलनीतलं गोल्फचं मैदान. सगळ्या पाहुण्यांसमोर साहेबानं पुनीच्या हातात दोरी दिली अन् म्हणाला, "तुझ्या पायाचे ठसे पुसून घे. आता पाहुण्यांचा मुलगा खेळेल."

ही दोरी कशाची ते आधी सांगतो.

आमच्या उन्हात त्या मैदानावर हिरवळ टिकत नाही. म्हणून बॉल ज्यात घालायचा त्या होलाभोवती रेतीत जळकं ऑइल कालवून सपाट अंगण करतात. त्याला ब्राऊन म्हणतात. त्यावर कोणी चाललं की ठसे उठतात, बॉल अडखळतो. मग एका फळीला गोणपाट गुंडाळायचं, दोरी बांधायची अन् ओढत फिरायचं. हे माझं काम. मी पुढं चालतो, फळी मागून येते, माझे ठसे खात येते. खर्र खर्र. इतकी वर्षं त्या मैदानावर राबलो, पण माझा एक ठसा तिथं सापडणार नाही.

माझा बाप त्याच्या आज्याचं सांगायचा. गावात शिरायचं तर कमरेला मागून झाडाची फांदी बांधायची, आपले ठसे आपणच पुसत जायचे. लहानपणी ऐकून मी हसलो होतो. बाप हसला नव्हता. ज्या साली आमच्या घरानं धम्म घेतला त्याच साली मी जन्मलो. फांदी गेली, असंच समजून मी जगलो. चौथीपर्यंत शिकलो, पण कोणापुढं वाकलो नाही. कामाचं काम करायचं, मान ताठ ठेवायची. फळीकडं वळून कधी पाहिलं नाही.

त्या उन्हाळ्यात मैदानावर मुलांचा कॅम्प लागला. गेटावर पाटी होती. अक्षर अक्षर जोडून वाचली. गोल्फनं मैत्री होते, आत्मविश्वास येतो, माणूस घडतो. मला हसू आलं. पण ते खोटं नव्हतं. मी डोळ्यानं पाहिलं.

पुनीचे मायबाप कामावर जात, म्हणून ती माझ्यासोबत मैदानावर येई. पोरगी बोलतच नव्हती. शाळेत बाईंनी नाव विचारलं तरी खाली पाही. एक दिवस एका मोडक्या काठीनं तिनं बॉल हाणला. नागपूरहून आलेल्या शिकवणाऱ्या सरांनी ते पाहिलं अन् तिला मुलांच्या रांगेत उभं केलं. साहेबाची मुलगी अन्वी तिच्या शेजारी. आठ दिवसांत दोघींचं असं जमलं की एक दिसली की दुसरी मागं असणारच. अन्वीनं तिला काठी धरायला शिकवली. पुनीनं तिला झाडावरची टेंभरं खायला शिकवली.

"आबा," अन्वी मला म्हणायची, "तुमच्या मिशीवरून पण फळी फिरवू का? फार खडबडीत आहे."

"फिरव," पुनी म्हणायची, "पण मंग तुलेच विंचरून द्या लागन."

पुनी बोलून राह्यली होती! माझे हात काम करायचे अन् कान तिकडं असायचे.

बॉल माणसांकडं जात असला की 'फोर!' असं ओरडायचं, हा त्या खेळाचा नियम. एक दिवस पुनी ओरडली. समोर चार साहेब चालत होते. चौघंही बाजूला सरकले. आम्ही पिढ्यान् पिढ्या बाजूला होणारे. माझ्या हातातली दोरी तशीच राहिली.

आता तो कॅम्पचा शेवटचा दिवस, पाहुणे बघायला आलेले. जोडीजोडीची मॅच. पुनी अन् अन्वी एका जोडीत, सगळ्यांच्या पुढं. शेवटच्या ब्राऊनवर पुनीचा बॉल होलापासून हातभर लांब होता. दुसऱ्यांना खेळू द्यायला बॉल उचलायचा तर त्या जागी खूण ठेवतात. पुनीनं शाळेच्या सदऱ्याचं तुटलेलं निळं बटण ठेवलं अन् बॉल मुठीत घेऊन उभी राहिली. हातभर तर उरलं होतं. मग टोपी काढायची, हात मिळवायचा. शेवटचा बॉल गेला की सगळ्यांनी हात मिळवायचा, असा तिथला रिवाज. पुनीनं त्यासाठी तळहात फ्रॉकला पुसून घेतलेला मी पाहिला.

तेवढ्यात अन्वीचा बाप पाहुण्यांच्या मुलाला घेऊन आला.

"सर, तिचा बॉल बाकी आहे," शिकवणारे सर हळूच म्हणाले.

"शिकली ना कॅम्पमध्ये? झालं की. फोटो वरच्या ऑफिसात जाणार आहे," साहेब म्हणाला. अन् त्यानं दोरी उचलली, पुनीच्या हातात दिली.

पुनीनं माझ्याकडं पाहिलं. मग दोरी ओढली. वीतभरच.

खर्र.

तो आवाज मी रोज ऐकत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. फळी नव्हती ती. फांदी होती.

मी गेलो. "पुनी, दोरी सोड."

तिनं सोडली.

"साहेब, हे ठसे नाही पुसत."

"काका, उन्हानं डोकं फिरलं का? साफ करायचाच पगार घेता ना?"

"रेती साफ कराचा घेतो. माह्या नातीले पुसाचा नाही घेत."

"मग उद्यापासून कामाला येऊ नका."

"नाही येत."

अन्वीनं टोपी काढली. हात पुढं केला. अर्धाच.

"अन्वी, गाडीत बस."

तिनं टोपी घातली. गेली. फोटो दुसऱ्या ब्राऊनवर काढला.

घरी येताना पुनी एवढंच म्हणाली, "आबा, हात मिळवाचा राह्यला." नंतर दिवसभर बोलली नाही. पुन्हा तशीच, खाली पाहत. तो अर्धा हात मला अजून दिसतो. चहाची बशी तोंडाला लावली की दिसतो. पाठीमागं खर्र वाजतं, वळून पाहतो तर कोणी नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुनीला उठवलं. काठी घेतली, बॉल घेतला. आम्हा कामगारांचं गेट मागच्या बाजूला आहे. आम्ही पुढच्या मोठ्या गेटानं गेलो.

चौकीदार आडवा झाला. "आबा, कालच तर तुमाले काढलं ना? कायले आले?"

"कामाले नाही आलो. इचा बॉल बाकी हाय."

तो पुनीकडं पाहत राहिला. मग बाजूला झाला. "मी संडासले गेलतो म्हणून सांगीन," म्हणाला.

शेवटच्या ब्राऊनवर कोणी फळी फिरवली नव्हती. पुनीचे ठसे तसेच. निळं बटण तसंच.

"आबा, मारू?"

"इचारू नको."

तिनं बॉल ठेवला, बटण उचललं, बॉल मारला. गेला आत. तिनं टोपी काढली अन् उभी राहिली. हात मिळवायला समोर कोणी नव्हतं. मी माझा हात पुढं केला नाही. ती जागा माझी नव्हती. ती अन्वीची होती, अन् रिकामीच होती.

लांबून साहेब येताना दिसला. फळी बाजूला पडली होती. मी ती ओलांडली. चपला काढल्या अन् ब्राऊनच्या मधून चालत गेलो, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाय दाबून.

"ए काका! ते पुसून जा!"

मी वळून पाहिलं. साहेबाकडं नाही. माझ्या ठशांकडं.

"पुनी," म्हटलं, "चाल. उद्या बी इथं याचं हाय."