स्लॅबवरची खाचरं

घोडबंदरला मुलाच्या फ्लॅटची खिडकी उघडली, की शेजारच्या टॉवरच्या ओल्या सिमेंटचा वास येतो आणि मी खडवलीच्या आमच्या नव्या स्लॅबवर जाऊन उभी राहते.

पौषातली सकाळ. ह्यांनी स्लॅबवर मातीचे बांध घालून भाताच्या खाचरांसारखं पाणी साठवलेलं. बादल्या ओतून माझी बोटं बधिर झालेली.

"आजचा दिवस राहू द्या ना," मी म्हटलं.

"अगं, थंडीत सिमेंट हळू धरतं. सुकलं तर तडे जातील. म्हातारपणी आपल्याच डोक्यावर गळेल."

त्या पाण्यात आम्ही दोघं शेजारी शेजारी दिसत होतो.

आता हे नाहीत. घराला कुलूप आहे. पावसाळा सरला की शेजारीण तिच्याकडच्या किल्लीने आत डोकावून फोन करते, "काकू, यंदाही एक थेंब गळला नाही."